पाऊण मिलिमीटर

चावी फिरवली तेव्हा इंजिन आधीच चालू होतं, आणि ते मला माझ्या मनगटाकडून कळलं. सेल्फचे दात फिरत्या चाकावर घासले, एक खरखर चावीतून अंगठ्यापर्यंत आली आणि बॉनेटशी उभ्या असलेल्या माझ्या सुनेचा चेहरा घासात खडा लागल्यासारखा झाला. ‘चालू आहे, बाबा,’ ती म्हणाली. म्हणजे तिचे ओठ तसे हलले. मी म्हटलं, ‘माहीत आहे. सेल्फ बघत होतो.’ चालू गाडीला पुन्हा सेल्फ मारणं ही गॅरेजमध्ये पहिल्या आठवड्यात करायची चूक. या चुकीवर मी चाळीस वर्षांत किती जणांना हसलो असेन त्याची गणती नाही, आणि आज ती मी केली होती. तीही डॉक्टरीणबाईंच्या गाडीवर. पस्तीस वर्षं जे इंजिन मी नुसत्या कानाने सांभाळलं, ते त्या दिवशी कायमचं उतरणार होतं. उतरवण्याआधी एकदा त्याचा आवाज ऐकावा म्हणून तर मी चावी मागून घेतली होती. सुनेने मान डोलावली आणि ती पाने काढायला वळली. तिला पटलं की नाही ते कळलं नाही. मी मात्र चावी हातात घेऊन बसून राहिलो. सीट थरथरत होती, स्टिअरिंग थरथरत होतं, आरशातला माझा चेहरासुद्धा बारीक थरथरत होता, आणि कानात कापूस भरल्यासारखी शांतता होती.

मला सगळे कानसेन म्हणतात. हे नाव वस्तादांनी दिलं. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते वस्ताद बोलायचे कमी आणि कान पिळायचे जास्त. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, आत काय चाललंय. मी पहिल्या वर्षात सांगायला लागलो. तिसऱ्या वर्षी स्क्रूड्रायव्हरची गरज उरली नाही, गाडी दारात वळली की मी आतून ओरडायचो, दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह सैल आहे. पुढे माझं स्वतःचं गॅरेज झालं तेव्हा लोक टेलिफोनवरून गाडी दाखवायचे. रिसीव्हर बॉनेटखाली धरायचे आणि मी इकडे चहा पीत सांगायचो की फॅनचा पट्टा बदला, बाकी काही नाही. दारावरच्या पाटीवर रंगाऱ्याने स्वतःच्या अकलेने एक मोठा कान काढून दिला. तो डावा कान आहे. माझा डावाच आधी गेला.

सुरुवात फ्रिजपासून झाली. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी घर फार शांत वाटलं, म्हणून फ्रिज बंद पडला असावा असं समजून मी त्यावर हात ठेवला, तर तो आपला चालू होता. मी हात काढला, पुन्हा ठेवला. फ्रिजचा दरवाजा उघडला, दिवा लागला. बायको मागे उभी राहून विचारत होती, काय शोधताय, आणि ते मला तिसऱ्यांदा ऐकू आलं. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण ज्याच्या पाटीवर कान आहे त्याने काय सांगायचं? मी म्हटलं, ‘पाणी.’ त्या दिवसापासून या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. त्यात बायकोने नकळत मदत केली. तिचा जुना विनोद असा, की यांना तीन गल्ल्या पलीकडची गाडी ऐकू येते आणि स्वयंपाकघरातून मारलेली हाक ऐकू येत नाही. चाळीस वर्षं हा विनोद पाहुण्यांपुढे होत आला आहे. त्यामुळे आता हाक खरोखरच ऐकू येईनाशी झाली तरी ती एवढंच म्हणते, ‘तुमचं नेहमीचंच.’ दुर्लक्ष करणारा नवरा आणि बहिरा नवरा यांत घरातल्या घरात फरक दिसत नाही, हे माझ्या पथ्यावर पडलं. एक शब्द मात्र मी कटाक्षाने सोडला, तो म्हणजे ‘काय?’ बहिरा माणूस ओळखू येतो तो ‘काय?’ने. मी त्याऐवजी ‘हं’ म्हणू लागलो. ‘हं’ कुठेही चालतं. होकार, नकार, बघू, जेवायला येतो, सगळं त्यात बसतं. आणि ‘हं’सुद्धा म्हणायची खात्री नसेल तेव्हा मी हातातल्या कामाकडे बघत राहायचो.

सून आमच्या घरात आली त्याला सहा वर्षं झाली. मुलगा शाळेत भूगोल शिकवतो. जगातल्या सगळ्या नद्या कुठून निघतात ते त्याला माहीत आहे, पण बॉनेट कुठून उघडतं ते विचारावं लागतं. सून त्याच्या उलट. ती पंपांच्या कारखान्यात मोटरी बांधायची. तांब्याची तार गुंडाळताना तिचे हात बघत बसावेत असे चालतात, आणि मी बसलोही आहे, ती बघत नसताना. कारखाना बंद झाल्यावर तिने विचारलं होतं, ‘बाबा, गॅरेजचा मागचा कोपरा मिळेल?’ तेव्हा मला नीट ऐकू येत होतं आणि मी नीट ‘हो’ म्हटलं होतं. त्या कोपऱ्यात ती मोटरी दुरुस्त करू लागली, मग बॅटऱ्या आल्या, मग एका फुलवाल्याची तीनचाकी तिने विजेवर करून दिली. लोक विचारत येऊ लागले. वर्षभरापूर्वी तिने स्वतःसाठी एक पाटी रंगवून आणली. निळ्या रंगाची, वर पांढरी अक्षरं. ती पाटी टायरांच्या मांडणीमागे भिंतीकडे तोंड करून उभी आहे, अजून तशीच. रोज झाडताना माझा झाडू तिला लागतो. मला वाटायचं, बाईचा विचार बदलला असेल, धंद्याची धास्ती घेतली असेल. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं. दारावर एकच पाटी राहिली, एकच कान.

डॉक्टरीणबाई दातांच्या. आता दवाखाना बंद केला आहे, तरी समोरच्याशी बोलताना नजर आधी दातांवर जाते. बाटलीच्या हिरव्या रंगाची, गोल दिव्यांची त्यांची गाडी त्यांच्यापेक्षा थोडीच लहान असेल. शहराच्या मधल्या भागात धुराच्या गाड्यांना बंदी आली आणि त्यांची बहीण नेमकी तिथे राहते. शिवाय सुट्या भागांसाठी मला मेलेल्या गाड्यांच्या मागे फिरावं लागत होतं. त्या माझ्याकडे आल्या आणि माझ्याऐवजी सुनेशी बोलल्या. मी चहा आणायला गेलो. परत आलो तोवर गाडी विजेवर करायचं ठरलं होतं. ‘तुमची हरकत नाही ना?’ त्यांनी विचारलं असावं, कारण दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, ‘हं.’

इंजिन साखळीवर लटकून बाहेर आलं तेव्हा मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही, आणि त्याचंच वाईट वाटलं. मी ते घासून पुसून कोपऱ्यात एका लोखंडी घोडीवर ठेवलं आणि वर जुनी चादर टाकली. त्याच्या जागी जी मोटर आली ती एवढीशी, बायकोच्या मोठ्या डब्यापेक्षा थोडी मोठी. गिअरबॉक्स गाडीचाच ठेवायचा होता. मोटर आणि गिअरबॉक्स जिथे जोडायचे तिथला सांधा लोखंडाचा, आणि लोखंड हा माझा प्रांत, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. जोडपट्टी मी घडवली. तिच्यामागे बसायची एक पातळ चकती उरली होती. ती किती जाड हवी, ते मोजायला सून गाडीखाली गेली होती, कंप्रेसर चालू होता, आणि खालून तिने माप सांगितलं, पाव मिलिमीटर. मी ‘हं’ म्हटलं. माझ्याकडे पत्र्यांची एक पेटी आहे, प्रत्येक पत्र्यावर त्याची जाडी मी रंगाने लिहून ठेवली आहे. चकती कापली, कडा घासल्या, तिच्या हातात दिली. तिने बोटाने कडा बघितली, हसली आणि बसवून टाकली. इतर प्रत्येक वस्तू ती दोनदा मोजते. माझी चकती तिने मोजली नाही.

पहिल्या दिवशी गाडी दारातून बाहेर गेली तेव्हा शेजारचा शिंपी म्हणाला की भूत गेल्यासारखी गेली. मी आत बसलो होतो. इतकी वर्षं गाडीत बसलं की माझा जीव कानाशी गोळा व्हायचा, आता तिथे कामच नव्हतं. पहिल्यांदाच मला त्या गाडीच्या खिडकीतून रस्ता दिसला. दुकानांच्या पायऱ्या, बाल्कनीत वाळणारे कपडे, एक माणूस कुत्र्याशी बोलत चाललेला. गाडीत मीही बहिरा होतो आणि रस्ताही गप्प होता, म्हणजे आम्ही बरोबरीत होतो. मी सुनेला सांगणार होतो की फार छान झालंय. वळणावर ती काहीतरी बोलली, मी समोर बघत राहिलो, आणि सांगायचं राहून गेलं.

मग दहा मिनिटांनी थरथर आली. चाळिशीच्या वेगाला पायाखाली एक बारीक थरथर, जी कमी होईना. सुनेने गाडी परत आणली, मोटर उतरवली, सगळी मोजली, चढवली. पुन्हा दहा मिनिटं चांगली, पुन्हा तेच. दुसऱ्यांदा तिने मोटर पूर्ण उघडली. मी बघत होतो. ती स्वतः बांधलेली तार बोटांनी चाचपत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण सेल्फ घासला त्या सकाळी ते माझ्या चेहऱ्यावर असणार. आपल्या हातांवरचा आपला विश्वास उडाला की माणूस असा दिसतो. आठवडा गेला. ती जेवायला बसायची आणि पोळीचे तुकडे नुसते करत राहायची. बायको म्हणाली, ‘तिला काहीतरी बोला की.’ हे मला पहिल्या खेपेला ऐकू आलं आणि तरी मी ‘हं’ म्हटलं.

एका दुपारी सून घरी गेली होती आणि गॅरेजात मी एकटा होतो. गाडी घोड्यांवर चढवलेली होती, चाकं अधांतरी. मी मोटर चालू केली, दहा मिनिटं घड्याळाकडे बघत बसलो, आणि मग भिंतीवरचा वस्तादांचा स्क्रूड्रायव्हर काढला. मूठ कानाला लावली. काही नाही. दुसऱ्या कानाला लावली. तिथेही काही नाही. मग काय मनात आलं कोण जाणे, कदाचित रागच आला, मी ती मूठ दातांत धरली, चावायला घेतात तशी, आणि टोक गिअरबॉक्सवर टेकवलं.

आवाज आला. डोक्याच्या आत आला, मधोमध, इतका स्वच्छ की मी दचकून तोंड उघडलं आणि स्क्रूड्रायव्हर खाली पडला. खाली पडल्याचा आवाज आला नाही. मी तो उचलला, पुसला, पुन्हा दातांत धरला. गिअरचे दात एकमेकांत बसत होते, टिक टिक टिक, एकसारखे. बेअरिंग बारीक आवाजात गुणगुणत होतं, त्याची तक्रार नव्हती. टोक मोटरवर नेलं. सुनेची मोटर इतकी निर्मळ चालत होती की डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं नाही, हात मोकळे नव्हते. दोन वर्षांनी मी कानोसा घेत होतो. कानांनी साथ सोडली होती आणि दात कामाला आले होते. मी घाई केली नाही, मोटरवर जरा जास्तच थांबलो. मग टोक सांध्यावर आणलं. तिथे कण्हणं होतं. दोन वस्तूंना जागा पुरत नसली की त्या तशा कण्हतात. मोटर तापली की तिचा दांडा केसभर वाढतो, आणि त्या केसभराला आत जागा नव्हती.

जागा चकती ठेवते. मी मोटर बंद केली आणि भिंतीपाशी गेलो. सुनेने हाताने काढलेला नकाशा तिथे टाचलेला आहे, रोज त्याच्यावरून माझी नजर जाते. चकतीपुढे तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, पाऊण. मी पत्र्यांची पेटी उघडली. पाऊणचा पत्रा कोरा होता, अख्खा. पावच्या पत्र्याला गोल भोक होतं.

खाली बसलो. पहिला विचार काय आला ते लपवत नाही. सून यायला अर्धा तास होता. मोटर मागे सरकवायची, पावची चकती काढायची, पाऊणची कापून बसवायची, हे माझ्या हातांना अर्ध्या तासात जमलं असतं. ती आल्यावर म्हणायचं, आता बघ बरं, मी जरा सांधा आवळलाय. कानसेनने पुन्हा एकदा दुखणं शोधलं, सगळे म्हणाले असते, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त आठवडाभर तिने आपल्या हातांना जे बोल लावले ते तसेच राहिले असते. मी कात्री हातात घेतली होती, हे खरं आहे. स्क्रूड्रायव्हर अजून दातांत होता, तेही विसरलो होतो.

‘ही सवय चांगली नाही. दात जातील,’ कुणीतरी म्हणालं. म्हणजे मी वर बघितलं तेव्हा डॉक्टरीणबाई समोर उभ्या होत्या आणि बोलत होत्या. मी स्क्रूड्रायव्हर तोंडातून काढला. कानकोंडा होणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी अगदी शब्दशः समजलं. ‘पूर्वी तुम्ही हा कानाला लावायचात,’ त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच दातांकडे बघितलं नाही. मग टेबलावरचा एक लांब पाना उचलला, दोन बोटांत लटकता धरून शिकंज्यावर हाणला आणि माझ्या डाव्या कानासमोर आणला. मी मान हलवली. पुन्हा हाणला आणि त्याची मूठ कानामागच्या हाडावर टेकवली. डोक्यात घंटा वाजली. ती विरेपर्यंत मी डोळे मिटून बसलो.

त्या समोर येऊन, तोंड नीट दिसेल अशा बेताने बोलल्या. ‘माझ्या मशीनचा आवाज पेशंटला जबड्यातून ऐकू येतो. कानात बोळे घातले तरी येतो. तुम्हाला हाडातून ऐकू येतंय म्हणजे आतला कान शाबूत असणार. बाहेरून आत यायची वाट बंद पडलेली दिसते. कानाच्या डॉक्टरांना दाखवा, यावर इलाज निघतो बऱ्याचदा.’

‘बऱ्याचदा?’

‘माझा प्रांत दातांचा. पण दाखवल्याशिवाय तर निघणार नाही. घरी माहीत आहे?’

‘नाही.’

‘अहो, घरी एवढी माणसं असताना?’ एवढंच म्हणून त्या गाडीकडे वळल्या, दिव्यावरची धूळ हाताने पुसली आणि संध्याकाळी येते असं खुणेने सांगून गेल्या. मी कात्री खाली ठेवली होती की त्यांनी काढून घेतली, आठवत नाही. पावचा तो भोक पडलेला पत्रा मी मांडीवर घेऊन बसलो. इतकी वर्षं लोकांच्या गाड्यांना मी बजावत आलो की आवाज यायला लागला की लगेच आणा, थांबू नका, थांबलात तर शेजारचा भागही जातो.

सून आली ती हातपाय न धुताच बोलायला लागली. ‘बाबा, मी ठरवलंय.’ तोंड माझ्याकडे होतं म्हणून कळलं. ‘डॉक्टरीणबाईंना सांगून टाकते. त्यांचं इंजिन आपण परत बसवू. माझ्या मोटरीत खोट आहे आणि मला ती सापडत नाहीये. यापुढे मी पंपच करेन, तेच मला येतं.’ चादरीखालच्या इंजिनकडे तिने हात केला. ते परत बसलं असतं. पाटी टायरांमागे राहिली असती. कानसेन कानसेन राहिला असता.

मी पत्रा तिच्यापुढे धरला. ‘तुझ्या मोटरीत काही खोट नाही,’ मी म्हटलं. ‘मी ऐकलीय ती. फार छान चालते. चकती चुकलीय. तू पाऊण म्हणालीस, मी पाव ऐकलं.’ तिने पत्रा घेतला, त्यावरचं माझ्या हातचं अक्षर वाचलं, भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मी थांबलो असतो तर थांबूनच गेलो असतो, म्हणून बोलत राहिलो. ‘मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. त्या दिवशी गाडी चालू होती तेही ऐकू आलं नव्हतं, सेल्फबिल्फ काही बघत नव्हतो. कुणाला सांगितलं नाही. तुझ्या सासूलाही नाही. लाज वाटली.’

ती मांडणीकडे वळली. टायरांकडे तोंड करून ती काहीतरी बोलत होती, खांदे हलत होते, ती रडत होती की हसत होती तेही पाठीवरून कळेना. नेहमीप्रमाणे मी हातातल्या कामाकडे बघू शकलो असतो. पण हातात काही नव्हतं, पत्रा तिच्याकडे होता.

‘काय?’ मी म्हटलं.

किती दिवसांनी तो शब्द तोंडातून निघाला, आणि बहुतेक फार मोठ्याने निघाला, कारण पलीकडचा शिंपी खिडकीत आला. सून वळली. डोळे पुसत ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, अगदी समोर.

‘म्हटलं, मी पाटीचं विचारलं होतं तुम्हाला,’ ती एकेक शब्द सोडवत म्हणाली. ‘गेल्या वर्षी. तुम्ही टायर काढत होतात. तुम्ही वर बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, बाबांना हे काम पसंत नाही, तोंडावर नको म्हणवत नाही म्हणून गप्प बसतात. म्हणून मी ती मागे ठेवून दिली. मग दुसरं काही विचारायचं असलं तरी भीती वाटायची.’

वर्षभर झाडू त्या पाटीला लागत होता. मी उठलो, टायरांमागून पाटी ओढून काढली, बाहीने पुसली आणि सरळ धरली. अक्षरं चांगली होती, मोठी.

‘परत विचार,’ मी म्हटलं.

‘आता कशाला, बाबा.’

‘विचार. मी ऐकतोय.’

तिने आधी शिंप्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘बाबा, तुमच्या पाटीखाली माझी पाटी लावू का?’

‘खाली नको,’ मी म्हटलं. ‘शेजारी लाव. त्या कानाच्या शेजारी. त्याला तरी ऐकू येऊ दे. आणि उद्या सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात चल, तो डॉक्टर काय म्हणतो ते मला परत सांगायला कुणीतरी लागेल.’

ती हसली, हे दिसलं. मग मी पाटी गाडीला टेकवून ठेवली, पेटी उघडली आणि कात्री घेतली. संध्याकाळी डॉक्टरीणबाई येणार होत्या.

‘माप सांग.’

‘पाऊण,’ ती म्हणाली.

‘पाऊण,’ मी म्हटलं, पेटीतला कोरा पत्रा काढला आणि कापायच्या आधी तिच्या हातात मोजायला दिला.